सुट्टीत अर्धवट विणकामं पुरी करून ज्याची त्याला द्यायची आहेत, कुठून सुरू करू?

धागादोरा

नमस्कार मंडळी. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्यात आणि यंदा मी मुद्दाम कुठलाच बेत ठरवलेला नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक मोठी पिशवी आहे, त्यात माझी अर्धवट राहिलेली विणकामं आहेत, काही तर बऱ्याच वर्षांची. काल सगळं पलंगावर पसरून बसले तेव्हा जाणवलं की यातलं एकही मी स्वतःसाठी सुरू केलेलं नव्हतं. प्रत्येक सुईवर कुणीतरी एक माणूस आहे ज्याने माझ्यासाठी काहीतरी केलं होतं आणि मला ते तोंडाने सांगता आलं नाही म्हणून मी लोकर आणली होती.

तर काय काय आहे ते सांगते. राखाडी रंगाचा वेण्यांचा स्वेटर, पहिल्या नोकरीत ज्या सरांनी मला शेजारी बसवून काम शिकवलं त्यांच्यासाठी, पाठ पूर्ण आहे, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आलाय, बाह्या सुरूच नाहीत. मावशीसाठी जाळीची त्रिकोणी शाल, मानेकडून सुरू करून खाली वाढत जाणारी, ती निम्मी झालीय. आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री मावशी थांबायची, मला एकदाही जागं राहू दिलं नाही तिने, त्या शालीची लोकर मी तेव्हाच घेतली होती. मग मैत्रिणीच्या बाळासाठी पिवळा छोटा स्वेटर (शिवून तयार आहे, फक्त बटणपट्टी राहिलीय) आणि त्याच लोकरीचं ब्लँकेट, पण बाळ आता शाळेत जातं. भावासाठी मोजे, त्यातला एकच झालाय. आणि पिशवीच्या तळाशी आईने बाबांसाठी सुरू केलेला बिनबाह्यांचा स्वेटर, सुया तशाच आत. आई आता नाही. त्याला मी अजून हात लावलेला नाही.

सगळं एका सुट्टीत होणार नाही हे कळतंय मला. पण आधी काय घ्यावं? राखाडी स्वेटरला कोणती सुई वापरली होती ते आठवत नाही, पुढच्या भागात सुई आहे तिच्यावर नुसतं ८ लिहिलंय, बाकीची लोकर पुरेल की नाही ते पण माहीत नाही. शालीत मी नमुन्याच्या कुठल्या ओळीवर होते ते कळत नाही. आणि विणकामाच्या बाहेरचा प्रश्न, इतक्या उशिराने दिलेली भेट घेणाऱ्याला विचित्र वाटते का? आभार मानायची वेळ निघून जाते का? मनापासून विचारतेय, कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

दोनसुया

किती छान पिशवी आहे गं ही. आधी कामाचं बोलते, बाकीचं इतर सांगतीलच.

पहिल्यांदा काहीही विणायला घेऊ नकोस. सगळं उजेडात धरून बघ, कसर लागली आहे का ते. कसरीचा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि ती केसा-लोकरीतलं केराटिन खाते म्हणून खऱ्या लोकरीचे नग आधी तपास, अ‍ॅक्रिलिक असेल तर तिच्या कामाचं नाही. बारीक भोकं किंवा जाळ्यासारखं काही दिसलं तर तो नग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे ठेव, बाकीच्यांपासून लांब. काही नसेल तर उत्तमच.

आता सुई. नुसतं ८ लिहिलेलं फसवं असतं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, आणि अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर, शिवाय दोघांचा क्रम एकमेकांच्या उलट, ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते (१० नंबर ३.२५, ११ नंबर ३ मिलिमीटर) आणि अमेरिकन नंबर वाढला की जाड होते. सुया मोजायची भोकांची मापपट्टी असेल तर सुई त्या भोकात घालून बघ, नसेल तर सुईभोवती दोरा शेजारी शेजारी दहा वेढे घट्ट गुंडाळून उपयोग नाही, ते दोऱ्याची जाडी दाखवतं, त्यापेक्षा कागदाला भोक पाडून सुई त्यात बसव आणि भोकाचा व्यास पट्टीवर मोज. ४ आणि ५ मधला फरक तेवढ्यानेही कळतो.

पण सुई सापडली म्हणजे झालं असं नाही, कारण इतक्या वर्षांत तुझा हात बदलला असेल. पाठीवर पट्टी ठेवून १० सेंटीमीटरमध्ये किती टाके येतात ते मोज, वेणी सोडून साध्या भागावर. मग त्याच लोकरीचा एक चौकोन आज विण, धू, वाळव आणि मोज. समज पाठीला २२ टाके येतात आणि तुझे आजचे २४ आले. ११० टाक्यांची पाठ ५० सेंटीमीटर रुंद आहे, तेवढेच ११० टाके आजच्या हाताने ४६ पण पुरते भरणार नाहीत, म्हणजे पुढचा भाग वरून चार सेंटीमीटरने आक्रसलेला दिसेल. अशा वेळी पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घे आणि परत चौकोन विण. कंटाळवाणं आहे पण हे टाळून पुढे गेलीस तर उसवावं लागेल आणि मग तो परत पिशवीत जाईल.

सुईवर जी ओळ वर्षानुवर्षं ताणून बसलीय ती आणि तिच्या खालची एक, अशा दोन ओळी उसवून पुन्हा विणून घे, नाहीतर तिथे आडवी रेघ दिसते जी धुतल्यावरही कधीकधी जात नाही. धातूची सुई असेल तर गंजाचा डाग पडलाय का ते पण बघ.

लोकर पुरेल का हे वजनाने ठरव. तयार पाठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. दोन्ही बाह्या मिळून साधारण पाठीएवढी लोकर लागते, थोडी जास्तच धर. पुढच्या भागाचं राहिलेलं आणि गळ्याची पट्टी मिळव. कमी पडत असेल तर त्याच शेडची नवी लोकर घ्यावी लागेल आणि लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) नक्की वेगळा निघणार, म्हणजे रंगात थोडा फरक. नवा लॉट पुढच्या भागात मध्येच जोडू नकोस, दोन्ही बाह्या संपूर्ण नव्या लॉटच्या कर, किंवा मनगटाची आणि गळ्याची रिब (उलट-सुलट टाक्यांची पट्टी) नव्याची कर, रिबमध्ये उलट-सुलटच्या सावल्यांत फरक लपतो. एकाच भागात दोन्ही वापरायचेच असतील तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या अशा आळीपाळीने विण.

आधी काय घ्यावं? जे सगळ्यात कमी राहिलंय ते. पिवळ्याची बटणपट्टी एका बैठकीत होईल, एक वस्तू हातावेगळी झाली की हात सुटतो.

उबदार

मी विणत नाही, बायकोमुळे हे सगळं वाचत असतो. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी योग्य माणूस आहे असं वाटतंय कारण मला असा उशिराचा स्वेटर मिळालाय.

कामावरच्या एका ताईंच्या अडचणीच्या काळात मी थोडीफार मदत केली होती, माझ्या लेखी ती विसरून जाण्यासारखी होती आणि मी विसरलोही होतो. नंतर त्यांची बदली झाली, आमचा फारसा संपर्क राहिला नाही. मग बऱ्याच वर्षांनी एक पार्सल आलं, त्यात निळा स्वेटर आणि एक कागद. कागदावर त्यांनी लिहिलं होतं की अमुक दिवशी तुम्ही गाडी काढून आलात आणि काही न विचारता थांबून राहिलात, तेव्हा मी नीट बोलू शकले नाही. एवढंच. खरं सांगतो, तो दिवस मलाही आठवत नव्हता इतका त्यांना आठवत होता, आणि मधली सगळी वर्षं तो त्यांच्या मनात होता हेच मला त्या स्वेटरने सांगितलं, लगेच मिळाला असता तर हे कळलंच नसतं.

म्हणून सांगतो ताई, वेळ निघून जात नाही. फक्त दोन गोष्टी करा. एक, उशीर झाला म्हणून चिठ्ठीत माफी मागत बसू नका, मग वाचणारा तुमचीच समजूत काढायला लागतो. त्याऐवजी त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. "तुम्ही खूप केलंत" असं मोघम नको. सरांनी शेजारी बसवून शिकवलं म्हणता, तर काय शिकवलं, कुठली फाइल, कुठला हिशोब, ते आज तुम्ही कामात कुठे वापरता, हे लिहा. मोठ्या वयाच्या माणसाला आपलं शिकवलेलं अजून चालू आहे हे कळणं फार मोठं असतं.

दुसरं, धुवायचं कसं ते लिहून द्या. लोकर खरी आहे की मिश्र, मशीनमध्ये चालेल की हातानेच, लटकवायचा नाही तर आडवा वाळवायचा. मला हे माहीत नसतं तर मी पहिल्याच धुण्यात त्याची वाट लावली असती. लेबलचा तुकडा जपून ठेवला असेल तर तोच टाचून द्या.

जाळीदार

मावशींच्या शालीबद्दल सांगते, मी जाळीचंच काम जास्त करते.

आधी एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते. मानेकडून सुरू होऊन वाढत जाणारी त्रिकोणी शाल जर खोलीने निम्मी झाली असेल तर ती कामाने निम्मी नसते, पाव झालेली असते. प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लांब आहे ना. निम्म्या ओळींना एक चतुर्थांश लोकर लागते, आणि निम्मी लोकर संपते तेव्हा साधारण ७० टक्के ओळी झालेल्या असतात. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर शेवटी शेवटी एकेक ओळ संपता संपत नाही आणि माणूस हताश होतो. पण याचीच चांगली बाजू म्हणजे अशी शाल कुठल्याही मापाला थांबवता येते. नमुन्याची एक पूर्ण आवृत्ती झाली की काठ विणून टाके बंद करायचे, शाल पूर्ण. मावशी थोड्या वयस्क असतील तर खांद्यावरून न घसरणारी लहान शाल त्यांना उलट सोयीची पडेल. टाके बंद करायला त्या काठाच्या रुंदीच्या चौपट धागा शिल्लक ठेव, आणि जाळीचा काठ सैल हाताने बंद कर, जाड सुईवर.

कुठल्या ओळीवर आहेस हे विणकामच सांगतं. जाळीत जिथे जिथे धागा पुढे घेऊन भोक केलंय तिथे जवळपास कुठेतरी दोन टाके एकत्र केलेले असतात, ते डावीकडे झुकलेत की उजवीकडे हे बघत नमुन्याच्या तक्त्यावर बोट ठेवून शोध. पांढऱ्या शालीखाली गडद टॉवेल ठेवला की भोकं स्पष्ट दिसतात. अजिबातच लागलं नाही तर जिथे खात्री आहे त्या उलट ओळीपर्यंत उसव, पण उसवायच्या आधी त्या ओळीच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून एक बारीक सुई ओवून घे, मग वरचं ओढून काढ, धागा त्या सुईपाशी येऊन थांबतो, एकही टाका पळत नाही.

आणि इथून पुढे दर आवृत्तीच्या शेवटी, उलट ओळीनंतर, सगळ्या टाक्यांतून एक गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेव, वेगळ्या रंगाचा. त्याला आम्ही लाइफलाइन म्हणतो. पुढे काही बिघडलं तर तिथपर्यंतच परत यावं लागतं. दोरा मार्करच्या (खुणेसाठी सुईवर घातलेल्या) कड्यांमधून जाऊ देऊ नकोस, अडकतो.

शाल विणून झाली की ती सुरकुतलेल्या फडक्यासारखी दिसेल, घाबरू नकोस, जाळी ब्लॉक केल्याशिवाय, म्हणजे ओली करून ताणून वाळवल्याशिवाय, दिसतच नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब, मग सपाट जागेवर टोकं ताणून टाचण्या लाव आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नकोस. हे खऱ्या लोकरीला. अ‍ॅक्रिलिक नुसत्या पाण्याने जागेवर राहत नाही, त्याला वरून वाफ द्यावी लागते, इस्त्री टेकवायची नाही, टेकली की कायमची लुळी पडते.

माझं मत, सगळ्यात आधी शालच घे. बटणपट्टी वगैरे मधेमधे होईल. मावशींनी त्या रात्री मोजून दिल्या नव्हत्या.

पुन्हाविणू

दोनसुया ताईंशी बाकी सगळ्यात सहमत, पण पिवळ्या स्वेटरबद्दल माझं वेगळं मत आहे. बटणपट्टी लावून पूर्ण केला तरी तो घालणारं बाळ आता नाहीये, ते शाळेत जातं. मैत्रीण तो बघेल, गोड म्हणेल आणि कपाटात ठेवेल, म्हणजे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेला फक्त. मी तो उसवेन आणि त्याच लोकरीची शाळेत जाणाऱ्या मुलाची कानटोपी करेन, लोकर तीच आणि ज्याच्यासाठी आणली तो मुलगाही तोच.

उसवायची पद्धत सांगून ठेवते. आधी शिवणीचा दोरा शोधून फक्त तोच काप, विणीचा धागा कापायचा नाही. मग प्रत्येक भाग जिथे टाके बंद केलेत त्या टोकाकडून सोडव, सुरुवातीच्या टोकाकडून सुटत नाही, अडकत राहतं. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांध, म्हणजे धुताना गुंता होत नाही. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून भिजव, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ आणि लडी लटकवून वाळव, खाली हलकं वजन अडकव. लोकरीत पडलेल्या नागमोडी वळ्या पाण्याने सुटतात. न धुता तशीच वळीदार लोकर विणली तर टाके वेडेवाकडे पडतात.

ब्लँकेटचं मात्र उसवू नको, ते जिथे आहे तिथून मोठं करता येतं. सगळ्या ओळी सुलट विणल्या असतील तर बाजूच्या कडेवरून दर दोन ओळींमागे एक टाका उचल आणि आडवं वाढव, साधी सुलट-उलट वीण असेल तर दर चार ओळींमागे तीन टाके. वाढवलेला भाग दुसऱ्या रंगाचा घेतला तरी छान दिसेल, मुलगा कुठपर्यंत वाढला ते त्या पट्टीवरून दिसेल.

दोनसुया

पुन्हाविणू, तुझा मुद्दा कळला पण मला पटत नाही. शिवून तयार झालेला नग उसवायचा म्हणजे जीव तुटतो, आणि मैत्रिणीला कदाचित तो छोटा स्वेटरच हवा असेल, आपलं मूल कधी एवढं होतं हे हातात धरून बघायला. धागादोरा, तू मैत्रिणीला सरळ विचार ना. तिला सांग की असा असा आहे, पूर्ण करू की त्याची टोपी करू. कदाचित ती म्हणेल दुसऱ्या कुणाच्या बाळाला दे, त्यातही काही वाईट नाही.

शेवटचीओळ

सगळे आईच्या स्वेटरला वळसा घालून चाललेत, ते मला समजतंय. मी त्याबद्दल लिहिते कारण माझ्याकडेही असाच एक नग होता, आजीचा, आणि मी तो पूर्ण केला.

पहिलं, हे या सुट्टीत झालंच पाहिजे असं ठरवू नकोस. सर, मावशी, मैत्रीण, भाऊ यांच्या बाबतीत तारीख असलेली चांगली, तारखेने काम पुढे सरकतं. याला तारीख नको.

पण सुया मात्र आत्ताच काढ. टाके एखाद्या सुती दोऱ्यावर घे किंवा टोपणं असलेल्या गोल सुईच्या केबलवर सरकव. वर्षानुवर्षं सुईवर राहिलेले टाके ताणले जातात, आणि एखाद्या दिवशी कुणी पिशवी ओढली की सुई निसटून टाके पळतात. हे पूर्ण करणं नाहीये, जपणं आहे, म्हणून हात लावायला हरकत नाही. नमुना कुठे लिहिलेला नसेल तर आत्ताच लिहून काढ, खालच्या रिबला किती टाके, रिबनंतर किती वाढवले, मुंढ्याला कुठल्या ओळीला किती घटवले, दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेव.

आता पूर्ण करण्याबद्दल. आईचा हात आणि तुझा हात वेगळा आहे. तुला वाटेल की सुई बदलून बदलून तिच्यासारखं आणावं. मी तो प्रयत्न केला आणि मग सोडून दिला, सोडल्याचं समाधान आहे. जिथून माझी वीण सुरू होते तिथे जवळून पाहिलं तर कळतं, आजीची वीण घट्ट, एकसारखी, माझी जरा मोकळी. काकांनी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्यांचं बोट बरोबर त्या ओळीवर जाऊन थांबलं आणि मला काही सांगावं लागलं नाही. मापाची काळजी मात्र घे, फरक दिसला तर चालतो पण अंगाला बसला पाहिजे. दोनसुया ताईंनी चौकोनाचं जे गणित सांगितलंय ते इथे सुद्धा कर, आणि मुंढा आणि गळ्याची घट तुझ्या आजच्या मापाने मोज, ओळींच्या संख्येने नाही.

स्वतःला जमणारच नाही असं वाटलं तरी मार्ग आहे. अमेरिकेत मेसी कॅप्लन आणि जेन सिमॉनिक या दोन मैत्रिणींनी २०२२ मध्ये लूज एंड्स नावाचा उपक्रम सुरू केला. वारलेल्या किंवा आजारपणामुळे हात चालत नसलेल्या माणसाचं अर्धवट हातकाम, विणकाम, क्रोशे, भरतकाम, गोधडी, काहीही, ते एखाद्या स्वयंसेवकाकडे सोपवतात आणि तो ते विनामूल्य पूर्ण करून घरच्यांना परत देतो. त्यांचे स्वयंसेवक बऱ्याच देशांत आहेत. मी स्वतः त्यांच्याकडे काही दिलेलं नाही, पण हे वाचल्यावर मला एक धीर आला की दुसऱ्याच्या हातातलं काम पुढे नेणं ही लोकांना मनापासून करावीशी वाटणारी गोष्ट आहे. ओळखीतली एखादी चांगली विणणारी असेल तर तिच्याकडेही देता येईल, पण माझा अंदाज आहे की तू स्वतःच करशील.

आणि बाबांना विचारलंस का? त्यांना तो स्वेटर आहे हे माहीत आहे का? काही माणसांना पूर्ण झालेला हवा असतो आणि काहींना तो जसा थांबला तसाच जवळ हवा असतो. तो निर्णय त्यांचाही आहे.

धागादोरा

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण खरंच कामाला लागले होते.

कसर नाही, सगळं नीट आहे. सुई ४ मिलिमीटरची निघाली. चौकोन विणला, माझा हात आता घट्ट झालाय, त्यामुळे पाव मिलिमीटर जाड सुई घेतली आणि मग टाके पाठीशी जुळले. लोकर वजन केल्यावर बाह्यांना कमी पडणार हे दिसतंय, म्हणून दोन्ही बाह्या पूर्ण नव्या लॉटच्या करायचं ठरवलंय. उबदार दादा, तुमचं वाचून मी सरांची चिठ्ठी आधी लिहून ठेवली. ते मला म्हणायचे की आकडा जुळला तरी तो का जुळला ते विचार, हे वाक्य मी आता माझ्या हाताखालच्या मुलांना सांगते, तेच लिहिलंय. चिठ्ठी लिहून झाल्यावर विणायला जास्त जोर आला, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मैत्रिणीला विचारलं. ती फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली स्वेटर तसाच दे आणि ब्लँकेट मोठं कर. तिच्या मुलाने पट्टीचा रंग निवडलाय, लाल.

शाल सुरू केली, ओळ सापडली, लाइफलाइन ओवली. जाळीदार, तुझं पाव झालेल्या शालीचं गणित वाचून आधी पोटात गोळा आला पण बरं झालं कळलं, आता किती आवृत्त्यांवर थांबायचं ते लोकरीच्या वजनावरून ठरवलंय, सुट्टीत होईल.

बाबांना आईच्या स्वेटरचं माहीत होतं. ते म्हणाले, ती विणायची तेव्हा रोज पाठीला लावून बघायची. त्यांना तो पूर्ण हवाय, पण घाई नाही असं त्यांनीच सांगितलं. टाके दोऱ्यावर घेतलेत आणि नमुना लिहून काढलाय, मुंढ्याची घट तिने दोन्ही बाजूंना सारखी केलीय, मोजताना डोळे भरून येत होते पण लिहिलं सगळं.

आता राहिला भावाचा मोजा. नमुन्याचा कागद नाही, नुसता तयार मोजा आहे. त्यावरून दुसरा कसा काढू? आणि भाऊ म्हणतोय मला आत्ताच पाहिजे.

दोनसुया

तयार मोजा हाच तुझा नमुना. घोट्याच्या वर साध्या भागात एका फेरीत किती टाके आहेत ते मोज, रिबला पण तेवढेच असतात बहुतेक. टाचेची पट्टी साधारण निम्म्या टाक्यांवर असते, म्हणजे ६४ चा मोजा असेल तर ३२. त्या पट्टीच्या कडेला पहिला टाका न विणता घेतला असेल तर साखळी दिसेल, एक साखळी म्हणजे दोन ओळी, १६ साखळ्या म्हणजे ३२ ओळी. मग टाचेच्या वळणापासून बोटांच्या घटीपर्यंतच्या फेऱ्या मोज, तिथे दर पाच फेऱ्यांना एक टाचणी लाव म्हणजे चुकत नाही. बोटांकडे घट दर फेरीला आहे की एक सोडून एक ते बघ, आणि शेवटी किती टाके उरल्यावर जोडलंय ते.

हे सगळं कागदावर लिही, मगच टाके घाल. पहिला मोजा एकदा धुऊन घे, म्हणजे दोन्ही बरोबरीने बसतील, आणि त्याचीही सुई जपून बघ, हात घट्ट झालाय म्हणतेस तर पाव मिलिमीटर इथेही लागेल. भावाला सांग, पायाची लांबी एकदा टेकवून मोजू दे, मोजा पायापेक्षा एक-दोन सेंटीमीटर लहानच विणायचा असतो, ताणून बसतो. मोजून झालं की आकडे इथे टाक, मी बघते.